अपग्रेडनंतर लॉगइन होत नाही? पासवर्ड बदलण्याआधी पॅमची यादी तपासा

सकाळी साडेनऊला एका पतसंस्थेतून फोन आला. दोन दिवसांपूर्वी त्यांचा सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला होता आणि आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. "दादा, माझा पासवर्डच घेत नाहीये. लॉगइन इनकरेक्ट म्हणतंय. काल हाच टाकून काम केलं होतं." ताई रडकुंडीला आल्या होत्या. सहा वेळा पासवर्ड टाकून झाला होता आणि चूक आपलीच असणार, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. शेजारच्या काउंटरवरच्या काकांचंही तेच चाललं होतं. बाहेर खातेदारांची रांग लागली होती.

ताईंचा पासवर्ड बरोबर होता, काकांचाही. सर्व्हर ज्या यादीप्रमाणे पासवर्ड तपासतो त्या पॅमच्या यादीत एका मॉड्यूलचं (तपासणीचं एक काम करणाऱ्या छोट्या जोड-प्रोग्रामचं) नाव होतं आणि ते मॉड्यूल नव्या आवृत्तीत अस्तित्वातच नव्हतं. लिनक्सवर अपग्रेडनंतर लॉगइन अडतं तेव्हा बऱ्याचदा कारण याच जातीचं असतं. तरीही लोक आधी पासवर्ड बदलायला धावतात, तासभर घालवतात आणि बिचाऱ्या वापरणाऱ्याला दोष देतात. म्हणून हा लेख.

लेखात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पॅम म्हणजे काय, थोडक्यात

पॅम (प्लगेबल ऑथेंटिकेशन मॉड्यूल्स) ही पद्धत सन मायक्रोसिस्टम्सने १९९५ मध्ये मांडली. लॉगइन, सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा), एसएसएच (दुरून लॉगइन करू देणारा), स्क्रीन लॉक, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) अशा प्रत्येक प्रोग्रामने पासवर्ड तपासण्याचा कोड स्वतः लिहायचा नाही. त्यांनी पॅमला विचारायचं आणि पॅमने ठरलेली यादी वाचून एकेक मॉड्यूल बोलवायचं. या याद्या /ईटीसी/पॅम.डी या फोल्डरमध्ये असतात. बहुतेक ओळींची सुरुवात चारांपैकी एका शब्दाने होते. 'ऑथ' म्हणजे ओळख पटवणं, 'अकाउंट' म्हणजे खातं चालू आहे की बंद ते पाहणं, 'पासवर्ड' म्हणजे पासवर्ड बदलणं आणि 'सेशन' म्हणजे आत आल्यावरची मांडामांड.

ओळीतला दुसरा शब्द आपल्या कामाचा आहे. 'रिक्वायर्ड' असेल तर ते मॉड्यूल नापास झाल्यावर शेवटी नकारच मिळतो, पण पुढची मॉड्यूलं तरीही चालवली जातात. ताईंना पासवर्ड विचारला गेला आणि मग नाकारला गेला तो यामुळेच. हरवलेल्या मॉड्यूलने निकाल आधीच नापास करून ठेवला होता. पासवर्ड विचारणारं मॉड्यूल त्यानंतर आलं आणि आपलं काम इमानेइतबारे करून गेलं. 'ऑप्शनल' ओळीतलं मॉड्यूल हरवलं तर सहसा लॉगमध्ये एक तक्रार पडते, बाकी काही अडत नाही.

पहिली पायरी: एक रूट शेल उघडं ठेवा

अपग्रेडला हात लावण्याआधी आणि पॅमच्या कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी एका वेगळ्या खिडकीत रूट (सर्व अधिकार असलेलं खातं) म्हणून लॉगइन करा आणि ती खिडकी शेवटपर्यंत बंद करू नका. उघड्या सेशनला पॅम पुन्हा काही विचारत नाही, त्यामुळे सगळी दारं बंद झाली तरी ती एक खिडकी उघडी राहते. दूरच्या मशीनवर काम करत असाल तर ते सेशन टीमक्सच्या आत ठेवा आणि दुसरं एक कनेक्शन त्याला जोडलेलं ठेवा. टीमक्समधलं सेशन नेट तुटल्यावर जिवंत राहतं, पण त्यापर्यंत पोहोचायला पुन्हा लॉगइन लागतंच.

मग सगळ्या फोल्डरची प्रत काढा:

सीपी -ए /ईटीसी/पॅम.डी /रूट/पॅम-प्रत

प्रत पॅम.डी फोल्डरच्या बाहेरच ठेवा. आत 'कॉमन-ऑथ.जुनी' अशा फाइली साठवल्या की पुढच्या शोधात त्या उगाच सापडत राहतात आणि खरी ओळ कुठली यात गोंधळ होतो.

दुसरी पायरी: लॉग वाचा

पडद्यावरचा संदेश इथे फारसा उपयोगाचा नाही. बिघाड ऑथच्या यादीत असेल तर कन्सोलवर नुसतं 'लॉगइन इनकरेक्ट' येतं, म्हणजे चुकीच्या पासवर्डला येतं तेच. एसएसएचवर 'परमिशन डिनाइड' येतं. बिघाड अकाउंटच्या यादीत असेल तर कन्सोलवर 'मॉड्यूल इज अननोन' असं स्पष्ट दिसतं. सुडो त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, तो पॅमचं नाव घेऊन 'मॉड्यूल इज अननोन' सांगतो. ज्याचं सेशन आधीपासून उघडं आहे अशा कुणाला तरी सुडो चालवून पाहायला सांगा, बराच उलगडा होईल.

खरं उत्तर लॉगमध्ये असतं. डेबियन-उबुंटूवर /व्हीएआर/लॉग/ऑथ.लॉग, रेड हॅटच्या घराण्यात /व्हीएआर/लॉग/सिक्युअर. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, त्यामुळे ऑथ.लॉग सापडली नाही तर घाबरू नका, जर्नल वाचा:

जर्नलसीटीएल -बी | ग्रेप -आय पॅम

शोधायची जोडी अशी दिसते:

पॅम अनेबल टू डीएलओपन(पॅम_टॅली२.एसओ): /लिब/सिक्युरिटी/पॅम_टॅली२.एसओ: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी
पॅम ॲडिंग फॉल्टी मॉड्यूल: पॅम_टॅली२.एसओ

पॅम_टॅली२ हे चुकीचे पासवर्ड मोजून खातं काही वेळ बंद करणारं जुनं मॉड्यूल. लिनक्स-पॅम १.४.० ही आवृत्ती २०२० मध्ये आली आणि तिच्यात पॅम_टॅली, पॅम_टॅली२ आणि पॅम_क्रॅकलिब या तिघांना निवृत्त केलं गेलं. पहिल्या दोघांच्या जागी पॅम_फेललॉक आलं, तिसऱ्याच्या जागी पॅम_पीडब्ल्यूक्वालिटी. उबुंटू २०.०४ आणि डेबियन १० मध्ये पॅम १.३.१ होतं, उबुंटू २२.०४ आणि डेबियन ११ मध्ये १.४.०. या दोन पायऱ्यांच्या मधे कित्येक सर्व्हर अडखळले.

या ओळीतला चकवा

इथे थांबून नीट पाहायला हवं, कारण अनुभवी माणूसही इथे फसतो. वरच्या ओळीत /लिब/सिक्युरिटी असा पत्ता आहे. ६४ बिटच्या डेबियन किंवा उबुंटूवर मॉड्यूलं तिथे नसतातच. ती /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/सिक्युरिटी या फोल्डरमध्ये असतात. पॅम आधी तिथे प्रयत्न करतं, तो फसला तर जुन्या पत्त्यावर जातं, आणि लॉगमध्ये फक्त दुसऱ्या प्रयत्नाची तक्रार लिहितं. म्हणजे 'फाइल नाही' असं वाचलं तरी फाइल खऱ्या जागी असू शकते, आणि पहिला प्रयत्न फसण्याचं कारण भलतंच असू शकतं.

म्हणून आधी खऱ्या फोल्डरमध्ये एलएस करून पाहा. फाइल नसेल तर मॉड्यूल निवृत्त झालंय किंवा त्याचं पॅकेज अपग्रेडमध्ये निघून गेलंय. गूगल ऑथेंटिकेटर, बोटाचा ठसा, पॅम_माउंट अशी बाहेरून बसवलेली मॉड्यूलं अशीच निघून जातात. पॅकेज पुन्हा बसवलं की काम होतं. फाइल असेल तर तिच्यावर एलडीडी (फाइलला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवा. 'नॉट फाउंड' असं लिहिलेली एखादी लायब्ररी दिसली तर चोर सापडला.

एलडीडीसुद्धा स्वच्छ आलं, तर मशीन अपग्रेडनंतर रीबूट झालंय का ते विचारा. अपग्रेडच्या आधीपासून चालू असलेला क्रॉन किंवा स्क्रीन लॉक जुनी सी लायब्ररी मेमरीत धरून बसलेला असतो. तो डिस्कवरचं नवं मॉड्यूल उघडू पाहतो आणि दोघांचं जुळत नाही. याची खूण म्हणजे नव्याने सुरू केलेल्या प्रोग्रामला सगळं जमतं आणि जुन्याला जमत नाही. क्रॉनची कामं मुकाट्याने बंद पडतात, कुलूप लागलेला स्क्रीन बरोबर पासवर्डलाही उघडत नाही. डेबियनच्या अपग्रेडच्या सूचनांमध्ये एक्सस्क्रीनसेव्हरचं नाव घेऊन हे सांगितलेलं असतं, आणि लिबपॅमचं पॅकेज बसताना सेवा रीस्टार्ट करू का असं विचारलं जातं ते यासाठीच. तिथे 'हो' म्हणा, आणि शक्य असेल तर सरळ रीबूट करा.

एक कमी माहीत असलेलं कारणही याच खणात ठेवतो. कन्सोलवर लॉगइन होतं, पण फक्त स्क्रीन लॉक उघडत नाही, आणि मधल्या काळात कुणी फाइली बॅकअपमधून परत आणल्यात. अशा वेळी युनिक्स_सीएचकेपीडब्ल्यूडी या छोट्या प्रोग्रामचे हक्क बघा. साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या स्क्रीन लॉकला शॅडो फाइल (जिच्यात पासवर्डांच्या नोंदी असतात) वाचता येत नाही, त्याच्या वतीने हा प्रोग्राम वाचतो. डेबियनवर त्याचा गट शॅडो असतो आणि हक्क २७५५. साध्या कॉपीत तो पुढचा २ गळून पडतो. लिबपॅम-मॉड्यूल्स-बिन हे पॅकेज पुन्हा बसवलं की तो जागेवर येतो.

आत जायलाच वाट नसेल तर

एसएसएचची की असेल तर आधी तो दरवाजा ठोठावा. कीने येणाऱ्याला ऑथची यादी लागत नाही, अकाउंट आणि सेशनच्या याद्या मात्र लागतात. त्यामुळे बिघाड फक्त ऑथमध्ये असेल तर की चालून जाते. आत गेल्यावर सुडो अडेल, कारण त्याला पुन्हा ऑथ लागतं. रूटला थेट कीने जाता येत असेल तरच हा मार्ग पुरा पडतो.

पतसंस्थेत तसं नव्हतं. तिथल्या शिपाईकाकांना फोनवर सांगत सांगत ग्रबमधून, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूट प्रोग्राममधून, गेलो. मशीन सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणायचा. उबुंटूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'रिकव्हरी मोड', मग 'रूट'. हे शेल पॅमला विचारत नाही, म्हणून मोडक्या यादीतही चालतं. मेनूत ही सोय नसेल तर ग्रबच्या ओळीवर ई दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला

इनिट=/बिन/बॅश

हे जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. दोन्ही मार्गांनी डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. लिहिण्यासाठी:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

दुरुस्ती झाल्यावर सिंक, मग रीबूट -एफ. रेड हॅटच्या घराण्यात ओळीच्या टोकाला आरडी.ब्रेक जोडतात, /सिसरूट लिहिण्यासाठी रीमाउंट करतात, तिथे सीएचरूट करतात आणि निघताना टच /.ऑटोरीलेबल द्यायला विसरत नाहीत. विसरलात तर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा तुमची दुरुस्त केलेली फाइलच नाकारू शकतं.

क्लाउडवरच्या मशीनला कीबोर्ड नसतो. तिथे सिरीयल कन्सोल चालू असेल तर तो वापरा. नसेल तर मशीन बंद करून तिची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा, फाइल दुरुस्त करा, डिस्क परत लावा. अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट घेतला असेल तर हा सगळा खटाटोप टळतो.

ओळ काढताना

ओळ कुठे आहे ते शोधायला:

ग्रेप -आरएन टॅली /ईटीसी/पॅम.डी /युएसआर/शेअर/पॅम-कॉन्फिग्ज

टॅलीची ओळ ऑथ आणि अकाउंट अशा दोन्ही याद्यांमध्ये असू शकते, दोन्हीकडून काढा. सुरुवातीला # लावून ती निष्क्रिय केली तरी चालतं. पण त्याच फाइलमध्ये खाली काय आहे ते समजल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही ओळीला हात लावू नका. उबुंटूच्या कॉमन-ऑथचा गाभा असा असतो:

ऑथ [सक्सेस=१ डिफॉल्ट=इग्नोर] पॅम_युनिक्स.एसओ नलओके
ऑथ रिक्विझिट पॅम_डिनाय.एसओ
ऑथ रिक्वायर्ड पॅम_परमिट.एसओ

पहिली ओळ म्हणते, पासवर्ड बरोबर असेल तर पुढची एक ओळ ओलांडून जा. चूक असेल तर माझा निकाल धरू नका, पुढे चला. चुकीचा पासवर्ड टाकणारा दुसऱ्या ओळीवर येतो आणि तिथे डिनाय त्याला बाहेर काढतं ('रिक्विझिट' म्हणजे नापास झालं की तिथेच थांबणं). आता समजा वैतागलेल्या कुणीतरी विचार केला, की हे डिनायच सगळ्यांना अडवतंय, आणि त्या ओळीपुढे # लावलं. चुकीचा पासवर्ड टाकणारा युनिक्सच्या ओळीतून दुर्लक्षित होऊन थेट परमिटवर पोहोचतो, आणि परमिट सगळ्यांनाच होकार देतं. सर्व्हर चुकीचे पासवर्ड स्वीकारू लागतो. पतसंस्थेच्या सर्व्हरवर असं झालं तर काय होईल या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून दुरुस्तीनंतर बरोबर पासवर्डाइतकीच चुकीच्या पासवर्डाची चाचणी घ्या. चुकीचा पासवर्ड नाकारला गेला तरच दुरुस्ती झाली असं समजा.

'सक्सेस=' नंतरचा आकडा किती ओळी ओलांडायच्या ते सांगतो. मधली एक ओळ काढली की आकडा चुकतो. म्हणून डेबियन-उबुंटूवर हे काम हाताने करण्यापेक्षा पॅम-ऑथ-अपडेट या कमांडवर सोपवा, ती आकडे स्वतः मोजते. फाइलींमध्ये आधी हाताने बदल झाले असतील तर ती लिहायला नकार देते. तेव्हा प्रत घेतलेली असल्याची खात्री करून --फोर्स द्या. हाताने जोडलेलं बाकी काही त्यात पुसलं जाईल, ते प्रतीतून पाहून नंतर जोडा.

रेड हॅट ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ऑथकॉन्फिग जाऊन ऑथसिलेक्ट आलंय. तिथे सिस्टम-ऑथ आणि पासवर्ड-ऑथ या फाइली हाताने बदलूच नका. ऑथसिलेक्ट चेक चालवून कुणी ढवळाढवळ केली आहे का ते पाहा, आणि मग:

ऑथसिलेक्ट सिलेक्ट एसएसएसडी विथ-फेललॉक --फोर्स --बॅकअप=आधीची

७ वरून ८ वर येताना पॅम_केआरबी५ आणि पॅम_पीकेसीएस११ सुद्धा गेली आहेत. त्यांची कामं आता एसएसएसडी ही लॉगइनची सेवा करते.

ओळ परत आली कुठून

पतसंस्थेच्या प्रकरणात मला एक गोष्ट खटकत होती. उबुंटू २२.०४ चं लिबपॅम-मॉड्यूल्स बसण्याआधी पॅम.डीमध्ये टॅलीचं नाव आहे का ते तपासतं आणि असेल तर अपग्रेड थांबवून तसं सांगतं. मला त्याने थांबवलं होतं, मी ओळ काढली होती, आणि दोन दिवस लॉगइन चाललंही होतं. मग ओळ आली कुठून?

स्टॅट /ईटीसी/पॅम.डी/कॉमन-ऑथ करून पाहिलं. फाइल रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी बदललेली. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये बरोबर दोन वाजून पाच मिनिटांचं एक काम होतं, आठवड्यातून एकदा चालणारं. ऑडिटच्या वेळी कुणीतरी बसवलेलं हार्डनिंगचं, म्हणजे सुरक्षा कडक करणारं, स्क्रिप्ट. ते २०.०४ साठी बनवलेली कॉमन-ऑथ उचलून जागेवर ठेवत होतं. मी ओळ पुन्हा काढून गप्प बसलो असतो तर पुढच्या आठवड्यात ताईंचा पुन्हा फोन आला असता.

तेव्हा ओळ काढल्यावर ती कुणी लिहिली ते शोधाच. क्रॉन, ॲन्सिबलच्या (सर्व्हरची मांडणी आपोआप लावणाऱ्या साधनाच्या) प्लेबुक, पॅम-कॉन्फिग्ज फोल्डरमधलं जुनं प्रोफाइल, बॅकअपमधून परत आणलेलं ईटीसी, या चार जागा बघा. अपग्रेडमध्ये 'तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ' या प्रश्नाला दिलेली उत्तरंही आठवा; .डीपीकेजी-डिस्ट, .डीपीकेजी-ओल्ड किंवा .आरपीएमन्यू अशा शेपटीच्या फाइली शेजारी दिसतील, त्या डिफने ताडून पाहा.

टॅलीच्या जागी फेललॉक

लॉगइन सुरू झालं म्हणून इथेच सोडू नका. टॅली काढल्यामुळे आता कुणीही कितीही वेळा पासवर्ड चुकवू शकतो. पॅम-कॉन्फिग्ज फोल्डरमध्ये दोन प्रोफाइल करा (पॅम-ऑथ-अपडेट याच प्रोफाइलांवरून याद्या बनवते). पहिलं 'फेललॉक', प्रायॉरिटी ०, ऑथ-टाइप प्रायमरी, आणि ऑथखाली:

[डिफॉल्ट=डाय] पॅम_फेललॉक.एसओ ऑथफेल
सफिशियंट पॅम_फेललॉक.एसओ ऑथसक

दुसरं 'फेललॉक_नोटिफाय', प्रायॉरिटी १०२४, ऑथ-टाइप आणि अकाउंट-टाइप दोन्ही प्रायमरी. ऑथखाली 'रिक्विझिट पॅम_फेललॉक.एसओ प्रीऑथ' आणि अकाउंटखाली 'रिक्वायर्ड पॅम_फेललॉक.एसओ'. वरची प्रायॉरिटी आधी येते, म्हणून खातं बंद आहे का ही तपासणी पासवर्डच्या आधी होते आणि चुकीची नोंद पासवर्डच्या नंतर. अकाउंटची ओळ विसरू नका. बरोबर पासवर्डनंतर मोजणी शून्यावर आणायचं काम तीच करते. ती नसेल तर जुन्या चुका जमा होत राहतात. ऑथसक या शब्दाच्या शेवटी रोमनमध्ये दोन सी आहेत, तिथे स्पेलिंग हमखास चुकतं.

मग पॅम-ऑथ-अपडेट --एनेबल फेललॉक फेललॉक_नोटिफाय.

मर्यादा /ईटीसी/सिक्युरिटी/फेललॉक.कॉन्फमध्ये असतात. काही न लिहिता तीन चुकांवर खातं दहा मिनिटांसाठी बंद होतं, आणि या तीन चुका पंधरा मिनिटांच्या आत मोजल्या जातात. काउंटरवर घाईत काम करणाऱ्यांसाठी मी डिनाय=५ ठेवतो. नोंदी /व्हीएआर/रन/फेललॉकमध्ये राहतात आणि रीबूट झालं की पुसल्या जातात; टिकवायच्या असतील तर डीआयआर= ने दुसरं फोल्डर द्या.

चाचणी एका वेगळ्या वापरकर्त्यावर घ्या. पॅमटेस्टर हे छोटं साधन बसवलं तर खरं लॉगइन न करताच यादी तपासता येते:

पॅमटेस्टर लॉगइन चाचणी ऑथेंटिकेट

आधी बरोबर पासवर्ड, मग पाच वेळा चुकीचा, मग पुन्हा बरोबर. हा शेवटचा बरोबर पासवर्ड नाकारला गेला पाहिजे. फेललॉक --युजर चाचणी ने नोंदी पाहा, --रीसेट ने पुसा. यानंतर दुसऱ्या खिडकीतून खरं एसएसएच करून सुडो चालवा, कन्सोलवर लॉगइन करा, क्रॉनचं एखादं मिनिटाला चालणारं काम लावून ते चालतंय का बघा. मशीन रीबूट करून हेच सगळं पुन्हा एकदा. रीबूटच्या वेळी पहिल्या खिडकीतलं रूट शेल आपोआप जाईल, म्हणून बाकीच्या चाचण्या पार पडेपर्यंत रीबूटला हात लावू नका.

ताईंना फोन करून सांगा, की तुमचा पासवर्ड बरोबर होता.